रविवारचं चिकन बुधवारपर्यंत

आज दीड किलो चिकन आणलं, विदाउट स्किन, किलोला २५०च्या आसपास भाव म्हणजे पावणेचारशेला फोडणी आणि त्यात महिनाअखेर, त्यामुळे हे एका बैठकीत संपू द्यायचं नाही हे पिशवी हातात घेतानाच ठरवलं होतं. खाणारी तोंडं पाच, आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. लेग पीस देवाने दोनच दिलेत.

माझं माहेर कोल्हापूरचं, तिकडे आधी चिकन नुसतं शिजवून घेतात आणि मग त्याचं काय काय करायचं ते बघतात. हळद, मीठ आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळायचं, थोड्या तेलात कांदा परतून त्यावर चिकन आणि वर झाकणात पाणी. खाली चिकन आपलं पाणी सोडतं, वरचं गरम झालं की तेच आत ओतायचं आणि परत झाकण. गार पाणी घातलं की मांस चिवट होतं असं आई म्हणते, मी कधी घालून बघायच्या भानगडीत पडले नाही. सगळी बचत या पाण्यातच आहे बघा. यातलं वाटीभर अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घातलेलं हेच पाणी, धाकट्याला नुसतं प्यायला, थोडं मऊ भातावर सासूबाईंना, आणि उरलेल्यात भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा वाटून आणि माहेरची कांदा-लसूण चटणी घालून तांबडा रस्सा. खसखस मी घालत नाही, तिचा भाव बघता तीळच बरे. रस्सा मोठं पातेलं भरून झाला, त्यात भाकरी चुरली की पोट असं भरतं की पीस कमी होते हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

छातीचे पीस मी दुकानात मोठेच ठेवायला सांगते, बारीक तोडले की हाडाचे कपचे तोंडात येतात. ते शिजले की बाजूला काढून घेते आणि लेग पीस, पंख, मान, काळीज यांचं आजचं सुकं. बाजूला काढलेलं मांस जरा निवलं की हाताने सोडवून त्याच्या दोऱ्या करायच्या. पोरं पीस मोजतात हो, दादाला तीन मला दोनच का, पण दोऱ्या कोण मोजणार! हे सुचल्यापासून आमच्या घरात निम्मी भांडणं कमी झालीत. सोडवलेली हाडं परत कुकरला लावली, एक कांदा, चार मिरी, भरपूर पाणी. हे पाणी फ्रिजमध्ये खरवसासारखं थिजतं, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं बिघडलं, पण हाडा-सांध्यांतलं कोलॅजन शिजून जिलेटिन होतं त्यामुळे ते तसं होतं, गरम केलं की पुन्हा पातळ.

आता खरा प्रॉब्लेम वारांचा. उद्या सोमवार, सासूबाईंचा महादेव, परवा मंगळवार, यांचा गणपती, त्यामुळे डायरेक्ट बुधवार. शिजलेलं चिकन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं, फक्त ओट्यावर तासन्‌तास पडू द्यायचं नाही, म्हणून बुधवारपुरतं डब्यात खाली आणि बाकीचं फ्रीजरला टाकलं. सासूबाईंनी डब्याला सोमवारी हात लावायचा नाही म्हणून त्यावर ताट उपडं घातलंय, का ते त्यांनाच माहीत.

बुधवारी त्या हाडाच्या पाण्यातच पुलाव, तांदूळ नेहमीचा कोलमच, मटार-गाजर जास्त आणि चिकनच्या दोऱ्या शेवटी वरून, वास मात्र पूर्ण चिकनचा. त्यातलंच मूठभर सकाळी वेगळं ठेवायचं, कोबी-कांदा परतून चपातीत गुंडाळलं की डब्याला फ्रँकी, थोरल्याला कॅन्टीनचे पैसे मागायला तोंड उरत नाही.

फ्रीजरमधल्याचं शुक्रवारी कटलेट करायचं मनात आहे. चार उकडलेले बटाटे, शिळ्या ब्रेडचा चुरा, हिरवी मिरची आणि जेमतेम वाटीभर चिकन, एवढ्यात सगळ्यांचं भागतं. शुक्रवारी संकष्टी नाही ना ते बघायला पाहिजे, कॅलेंडरचं पान पोरांनी कुठे नेलंय काय माहीत.