कवच टिकायला हवे, आणि योग्य जागी सुटायलाही हवे

प्रोबायोटिक, म्हणजे आरोग्याला उपकारक ठरणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या गुणांविषयी पुष्कळ लिहिले जाते. ते आतड्यापर्यंत जिवंत पोहोचतात का, हा त्याआधीचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिच्यात हे सूक्ष्मजीव जिवंत आणि पुरेशा प्रमाणात असले पाहिजेत, असे स्पष्ट म्हटले आहे. उपाशीपोटी जठराचा सामू (pH; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) बहुधा १.५ ते ३.५ च्या दरम्यान असतो, आणि त्यातून जे जिवाणू वाचतात त्यांच्या पेशीपटलावर पुढे लहान आतड्यात पित्तक्षारांचा मारा होतो. लॅक्टोबॅसिलस गटातले काही जिवाणू या प्रवासात बऱ्यापैकी तग धरतात. बिफिडोबॅक्टेरियम या दुसऱ्या गटाचे अनेक प्रकार मात्र आम्लापुढे लवकर हार मानतात.

यावर उपाय म्हणून जिवाणूंभोवती सूक्ष्म कवच घालतात. तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या द्रावणात जिवाणू मिसळून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले की कॅल्शियमचे आयन अल्जिनेटच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडतात आणि क्षणात जेलचे मणी तयार होतात. ना उष्णता लागते, ना विषारी द्रावक, म्हणून जिवंत पेशींसाठी ही पद्धत मला फार मोलाची वाटते. तिचे खरे सौंदर्य पुढे दिसते: जठराच्या आम्लात हे जेल आक्रसते, तर आतड्यात सामू उदासीनतेकडे झुकला, सोडियमने कॅल्शियमची जागा घेतली आणि फॉस्फेटने ते ओढून घेतले की तेच जेल फुगून सुटू लागते.

तरीही अल्जिनेट सच्छिद्र असल्याने आम्ल हळूहळू आत झिरपतेच. त्यासाठी मण्यांवर कायटोसानचा, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील कायटिनपासून बनवलेल्या पदार्थाचा, थर देतात. त्याचा धनभार अल्जिनेटच्या ऋणभाराला घट्ट धरतो आणि छिद्रे अरुंद होतात. मणी मोठा केला तरी संरक्षण वाढते, पण सुमारे १०० मायक्रोमीटरच्या पुढे गेलेले कण जिभेला खरखरीत लागू शकतात, त्यामुळे खाद्यपदार्थात हा मार्ग फार लांब नेता येत नाही. वाळवण्याचा टप्पाही सोपा नाही. फवारून वाळवणे स्वस्त पडते, पण उष्णतेने पेशी मरतात. गोठवून वाळवणे सौम्य असले तरी महाग आहे, आणि बर्फाच्या स्फटिकांपासून पेशीपटल वाचवण्यासाठी ट्रेहालोजसारखी शर्करा मिसळावी लागते.

म्हणूनच कवचाविषयीचा एखादा प्रयोग वाचताना आम्लात किती जिवाणू वाचले, एवढ्या आकड्यावर माझे समाधान होत नाही. तेच मणी जठररसातून काढून लगेच पित्तक्षार असलेल्या आंत्ररसात ठेवले होते का, त्यांतून जिवाणू किती वेळात बाहेर पडले आणि बाहेर पडल्यावर त्यांची वाढ झाली का, हे मी आधी शोधतो. आम्ल, पित्त आणि साठवण यांच्या चाचण्या वेगवेगळ्या मण्यांवर सुट्या सुट्या घेतल्या असतील, तर एकाच मण्याच्या सलग प्रवासाचे उत्तर त्यांतून मिळत नाही.