कासव काही सापडलं नाही

शनिवार, रात्री

आज बाबांना कॅनडातल्या फ्रँक या जुन्या कोळसा खाणीच्या गावाला नेऊन आणलं. कॅलगरीहून दोन-सव्वादोन तास. रॉकीजमधली निळी तळी बघून कंटाळलेला माणूस कोळसा खाणीचं नाव काढताच सकाळी सहाला बूट घालून तयार! चंद्रपूरकडे तीस वर्षं भूमिगत खाणीत काढलीत त्यांनी.

तिथल्या माहिती केंद्रात एक जुना कृष्णधवल फोटो बघितला. पुढे लाकडी घरं, मागे टर्टल माउंटन. डोंगर कासवासारखा दिसायचा म्हणून हे नाव. मी फोटोत कासवाची पाठ शोधत बसलो. खिडकीबाहेरच्या खऱ्या डोंगरात तर ती सापडणारच नव्हती. २९ एप्रिल १९०३ ला पहाटे चारच्या सुमारास त्याची एक बाजू खाली आली. ८ कोटी टनांहून जास्त चुनखडी, दीडेक मिनिटात. गावाच्या कडेची घरं माणसांसकट गाडली गेली. ७० ते ९० जण गेले.

बाबांचं फोटोकडे लक्षच नव्हतं. ते खाणीबद्दलचा मजकूर मला वाचायला लावत होते. डोंगराच्या पायथ्यातून कोळसा काढून मोठाल्या पोकळ्या केलेल्या. दरडीच्या आधी काही महिने तर कोळसा आपोआपच खाली पडायचा, नुसता भरून न्यायचा. लाकडी टेकू मोडायचे.

"आपोआप?" बाबा हसले नाहीत. "अरे, छत बोलून राह्यलं होतं ना ते."

(डोंगराचे थर मुळातच कलते होते, भेगांत पाणी गोठलं होतं, हेही तिथे लिहिलंय. बाबांना ते फारसं पटलं नाही.)

त्या रात्री खाणीत आत असलेले १७ जण मात्र वाचले. तोंड बुजलेलं, म्हणून कोळशाच्या थरातून वर खणत गेले आणि तेरा तासांनी डोंगराच्या अंगावर बाहेर आले. खाली बघितलं तेव्हा काहींची घरं जागेवर नव्हती. हे वाचून बाबांनी चष्मा पुसला, बोलले काहीच नाहीत.

बोलले ते आत्ता, जेवताना. खाणीतला चार्ली नावाचा घोडा महिनाभर आत अडकून जिवंत राहिला होता. टेकूंच्या साली खायचा, झिरपलेलं पाणी प्यायचा. सापडल्यावर लोकांनी आनंदाने त्याला भरपूर ओट्स आणि ब्रँडी दिली, आणि त्यानेच तो मेला.

भाताचा घास हातातच धरून म्हणाले, "त्याले थोडं थोडं द्याले पाह्यजे होतं."