सी-२९५ ची वही: २१,९३५ कोटींचा गुंता सुटला

एकाच बातमीची वेगवेगळ्या वृत्तपत्रांतली कात्रणं मी वहीत रकाने पाडून ताडून पाहतो. त्यातला रकमेचा रकाना ४ अखेर जुळला. सी-२९५ ही हवाई दलाची वाहतूक विमानं बनवणाऱ्या बडोद्यातल्या टाटा-एअरबस कारखान्याचं उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ ला झालं. दुसऱ्या दिवशीच्या कात्रणांत रक्कम कुठे २१,९३५ कोटी, कुठे २२ हजार कोटी. तो फरक नुसता आकडा गोळाबेरीज करण्याचा, तो सोडा. खरी डोकेदुखी म्हणजे हा आकडा नक्की कशाचा? कुठे कराराचा, कुठे प्रकल्पाचा, कुठे सरळ शहरातल्या गुंतवणुकीचा.

चाळणी सोपी आहे. सप्टेंबर २०२१ चा करार ५६ विमानांचा. १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार येणारी, ४० इथे बनणारी. २१,९३५ ला ५६ ने भागलं की सरासरी ३९२ कोटी. म्हणजे स्पेनहून येणाऱ्या १६ चेच सव्वासहा हजार कोटी होतात. मग अख्खी रक्कम बडोद्यातली गुंतवणूक कशी? (ही सरासरी विमानाची किंमत म्हणून मात्र उतरवू नका.) आता रकान्याचे तीन भाग: खरेदीदार देणार ती रक्कम, उत्पादक गुंतवणार ती, आणि बातमीने मोघम सोडलेली. तिसरा भाग भराभर भरतो.

बातमीने पानावर किती जागा घेतली याची मोजणी अजून छळतेय. सहा कॉलमी पान आणि आठ कॉलमी पान यांची तुलना कॉलम-सेंटीमीटरने करू नका, कॉलमची रुंदीच वेगळी असते. चौरस सेंटीमीटर घ्या. मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान सांचेझ यांच्या रोड शोचा फोटो वेगळा धरा, नाहीतर मजकूर उगाच दुप्पट दिसतो. ई-पेपरवर पट्टी लावण्यात अर्थ नाही. तिथे पानाच्या छापील भागाची टक्केवारीच बरी. आणि पान लगेच उतरवून ठेवा, काही ठिकाणी जुने अंक पैशांच्या कुंपणाआड जातात. दांडियाबाजारातली रद्दी स्वस्त खरी, पण पुरवण्या आधीच सुट्या झालेल्या असतात आणि उद्योगाची बातमी नेमकी त्यांतच असते.

पुढची वही भूमिपूजनाची, ३० ऑक्टोबर २०२२ ची, ठरली होती. पण लिहितानाच सुचलं, सुरुवात २८ ऑक्टोबर २०२२ च्या अंकांपासून हवी. बडोद्याचं नाव आदल्या दिवशी जाहीर झालं होतं, आणि वेदान्त-फॉक्सकॉनच्या चिप कारखान्यापाठोपाठ हेही गुजरातला गेलं म्हणून मराठी पानांवर तोच आकडा महाराष्ट्राच्या तोट्याच्या बाजूला बसला. तेव्हा रकाना ५ वाढवतोय: रक्कम कुणाच्या खात्यात मांडली?

त्या दिवसाचे नागपूर आणि मुंबई आवृत्तीचे अंक कुणाकडे असतील तर कळवा. पुरवणीसकट हवेत, डाक आवृत्ती (बाहेरगावी पाठवायला लवकर छापलेली) नको.