दोनदा धुणे

महिना होत आला तरी डोक्यातनं जात नाहीये, म्हणून लिहूनच काढते.

पाषाणला एका छोट्या लॅबमध्ये बारा वर्षं काम करतेय, मायक्रोबायोलॉजी. सध्या मिठातल्या जंतूंवर काम चालूय. एका रंगवाल्या कंपनीचं सांडपाणी इतकं खारट आहे की ईटीपीतले, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमधले, नेहमीचे बॅक्टेरिया त्यात मरतात, मग मिठातच सुखाने नांदणारे शोधा. रायगडातल्या एका मिठागराच्या लालसर पाण्यातनं आम्हाला एक छान गुलाबी जंतू मिळाला. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ना, आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेवाल्यांनी तपासून हॅलोआर्किया, म्हणजे मिठात राहणारे, बॅक्टेरियाहून वेगळे सूक्ष्मजीव, म्हणून सांगितलेलं, तेच खानदान.

यांचे लाड विचारू नका. समुद्रात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, यांना २५० लागतं. शुद्ध ग्रेडचं परवडत नाही म्हणून मी मार्केटयार्डातनं खडेमिठाचं पोतं आणते, तर स्टोअरवाले दरवेळी विचारतात, "मॅडम, लोणची घालताय का?" जंतू वाढवायच्या प्लेट चार दिवस इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबेच्या कपाटात, तशाच उघड्या राहिल्या की मिठाचे खडे धरतात, म्हणून पॉलिथिनच्या पिशवीत बांधून ठेवायच्या. आणि सेंट्रिफ्यूजचा, म्हणजे गरागरा फिरवून जंतू तळाशी बसवणाऱ्या यंत्राचा, रोटर! वापरून झाला की लगेच धुवून पुसायचा असतो नाहीतर गंज. हे मी गेली दोन वर्षं ओरडून सांगतेय, आमच्याकडच्या पीएचडीवाल्यांना अजून जमलेलं नाही. एमएस्सीची पोरगी आली प्रोजेक्टला, तिला पहिल्याच दिवशी जमलं.

तर तीच पोरगी. सोमवारी कंपनीची माणसं येणार, शनिवारी ती एकटी बसून दोन लिटर कल्चर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवत होती, बारा दिवस वाढवलेलं. दुपारी फोन आला, आवाज रडका. "मॅडम, पेलेट विरघळलं." पेलेट म्हणजे तळाशी बसलेला जंतूंचा गोळा. मी औंधला भाजी घेत होते, तशीच पिशवीसकट गेले. बाटलीत गुलाबी शेंबूड. काचेची कांडी बुडवून उचलली तर एकतारी पाकासारखी तार.

ती तार म्हणजे त्यांचा डीएनए. हे जीव बाहेरचं मीठ झेलायला पेशीच्या आतही पोटॅशियम क्लोराइड ठासून भरतात. त्यांची प्रथिनं मिठातच घडी धरून राहतात आणि बाहेरचं प्रथिनाचं आवरणही मिठामुळेच टिकतं. आपल्या नेहमीच्या बॅक्टेरियाला असते तशी पेप्टिडोग्लायकनची टणक भिंत यांना नसतेच. मग साधं पाणी ओतलं की आवरण सुटतं, पाणी आत घुसतं आणि सगळं फट्कन फुटतं. डीएनए काढायचा असला तर आम्ही मुद्दाम हेच करतो.

मी तिला बोलले. फार बोलले. "डिस्टिल्ड वॉटर ओतलंस? मिठाच्या जंतूंवर? बेसिक गोष्ट आहे गं." ती काही बोलली नाही, नुसतं सेंट्रिफ्यूजच्या वरच्या भिंतीकडे बोट केलं.

तिथे लॅमिनेट केलेला कागद आहे. चौथी ओळ : पेलेट निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुणे. खाली माझी सही. सहा वर्षांपूर्वीची, तेव्हा लॅबमध्ये नुसतं ई. कोलाय, म्हणजे बिनमिठाचा साधा बॅक्टेरिया, चालायचं. मिठाचं काम सुरू झालं तेव्हा कागद बदलायचा राहिला, कारण मला तोंडपाठ आहे ना, मी कशाला वाचतेय.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात तीच म्हणाली होती, "मॅडम, ग्रॅम स्टेन केला, जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितले, की स्लाइडवर काहीच दिसत नाही." मी मान वर न करता म्हणाले, तुझं फिक्सिंग कच्चं आहे. हे जंतू स्लाइडवरसुद्धा साध्या पाण्यात फुटतात, आधी पातळ अॅसिटिक अॅसिडने पक्के करावे लागतात, हे मला माहीत होतं, सांगायचा कंटाळा केला. पोरीने सिग्नल आधीच दिला होता.

सोमवारी सरांनी पाहुण्यांना जुने फोटो दाखवून वेळ मारून नेली, त्यात ते वाकबगार आहेत. मायनस एटीच्या फ्रीझरमधली त्याच जंतूची राखीव व्हायल (कुपी) उघडली, वाढलीच नाही. मग तिनेच एक विसरलेली प्लेट शोधून काढली, पिशवी फाटलेली, पार सुकलेली, वर नुसते मिठाचे खडे. मी फेकणारच होते. ती म्हणाली, खड्यात अडकलेल्या पाण्याच्या थेंबात हे टिकतात असं मी वाचलंय, टाकून बघू? बरोबर होतं तिचं, खड्यातल्या त्या बारीक खारट थेंबांत हे बराच काळ जिवंत राहू शकतात. एक खडा उचलून, भरपूर मिठाच्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्यात, टाकला.

अकराव्या दिवशी फ्लास्कच्या तळाशी फिकट गुलाबी झाक. ती सकाळी साडेआठला हडपसरहून येऊन उभी होती, तेवढंच बघायला.

"मॅडम, हा तोच असेल ना?"

शेंबडातनं काढलेला डीएनए आणि या नव्या कल्चरचा, दोन्ही जुळतात का बघायला सिक्वेन्सिंगला दिलेत, रिपोर्ट यायचाय. भिंतीवरच्या कागदाची चौथी ओळ मी लाल पेनाने खोडून वर लिहिलं, २५ टक्के मिठाच्या पाण्याने. सही तीच आहे. तिला सॉरी मात्र अजून म्हटलेलं नाही, दोनदा तोंडापर्यंत आलं आणि दोन्ही वेळेला मी रोटर पुसलास का म्हणून विचारलं.