गॅल्व्हस्टनहून कॅरिबियन क्रूझ: सोबत बाटली न्यायची असेल तर

टेक्ससमधल्या मराठी मंडळींचा क्रूझचा बेत ठरला की व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला प्रश्न पासपोर्टचा येतो. दुसरा प्रश्न ग्रुपवर येत नाही, तो खासगीत येतो: ‘आपली आपण नेता येते का रे?’ तर वाइन नेता येते. व्हिस्की, रम, व्होडका, बिअर यांतलं काहीही नाही. एवढं कळलं की पुरे, असं मीही धरून चाललो असतो, पण त्या वाइनच्या बाटलीलाही बरेच नियम चिकटलेले आहेत. आणि येताना टेक्सस सरकारचं एक काउंटर लागतं, ज्याबद्दल आमच्या सात-आठ कुटुंबांपैकी एकालाच ठाऊक होतं.

आमची सफर कार्निव्हल या क्रूझ कंपनीची होती, आठवडाभराची: टेक्ससच्या गॅल्व्हस्टन बंदरातून निघून होंडुरासचं रोआतान, मेक्सिकोतलं कोस्टा माया आणि कोझुमेल आणि परत. कार्निव्हलचा नियम असा की 21 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला 750 मिलिलिटरची वाइनची किंवा शॅम्पेनची एक सीलबंद बाटली नेता येते. ती फक्त चढण्याच्या दिवशी, आणि हातातल्या बॅगेतच. हमालाकडे दिलेल्या सुटकेसमध्ये ठेवलेली वाइन नियमात बसत नाही. दीड लिटरची मोठी बाटली दोघांत मिळून चालेल, हा हिशेबही तिथे चालत नाही. नवरा-बायको असाल तर दोन बाटल्या, आणि त्या दोघांच्या दोन बॅगांत असलेल्या बऱ्या. कॉलेजात जाणारा 19 वर्षांचा मुलगा सोबत असेल तर त्याच्या नावावर तिसरी बाटली मिळत नाही. हा प्रयत्न आमच्याच गटात होऊन गेला.

वाइनची खरेदी घराजवळच उरकून घ्या. डॅलसहून गॅल्व्हस्टन गाडीने पाच तास. वाटेत आय-45 हायवेवर एनिसला आणि मॅडिसनव्हिलला बकीज, म्हणजे पेट्रोल पंपाला जोडलेलं भलंमोठं दुकान, लागतं, तिथे वाइन मिळते, पण निवडीला फारसा वाव नसतो. क्रूझ रविवारची असेल तर लक्षात ठेवा, टेक्ससमध्ये रविवारी किराणा दुकानात वाइन सकाळी 10 च्या आधी देत नाहीत आणि हार्ड लिकरची दुकानं तर दिवसभर बंद असतात. 

आमच्याबरोबर नाशिकहून आलेला मेव्हणा होता. दुकानात शिरल्या शिरल्या त्याने जाहीर केलं, “दाजी, वाइन न्यायची ना? मग निवडणार मी. नाशिककरासमोर तुम्ही बोलायचं नाही.” त्याने लबकच्या बाजूच्या, टेक्सस हाय प्लेन्सच्या द्राक्षांची तेम्प्रानियो नावाची रेड वाइन घेतली. चांगली निघाली, हे मान्य करायला हवं. माझा आग्रह एकच होता, झाकण फिरकीचं पाहिजे. केबिनमध्ये बूच काढायचं स्क्रू नसतं. बारवाला उघडून देतो, पण रात्री अकराला बाल्कनीत बसल्यावर बारपर्यंत कोण जाणार? ग्लास आणि बर्फाची बादली केबिनच्या कर्मचाऱ्याकडे पहिल्याच दिवशी मागून ठेवा. केबिनमधला छोटा फ्रिज नावालाच गार करतो.

टर्मिनलवर विमानतळासारखाच एक्स-रे असतो. बाटली बॅगेत सगळ्यात वर ठेवलीत तर काम अर्ध्या मिनिटाचं आहे. आमच्या पुढे एका आजींच्या पर्समधून शॅम्पेन निघाली. गार्डने ती हातात घेऊन मानेवरची चंदेरी पन्नी अंगठ्याने तपासली, बाटली उजेडासमोर धरून जरा कलती केली आणि ‘हॅपी ॲनिव्हर्सरी’ म्हणत परत दिली. माझ्या बाटलीचं झाकण मात्र त्याने दोन बोटांत धरून हळूच फिरवून पाहिलं. रिंग तुटलेली आहे का ते बघतात. घरी उघडून दुसरंच काही भरून आणणारे लोक त्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत.

आता न पाळणाऱ्यांचं. आमच्या गटातल्या एकाने, नाव अर्थातच सांगत नाही, स्कॉचचा खंबा टॉवेलात गुंडाळून मोठ्या सुटकेसमध्ये ठेवला होता. सुटकेसचाही एक्स-रे होतो, हे त्याला सांगून झालं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या बॅगा केबिनच्या दाराशी येऊन पडल्या, याची आली नाही. जेवणाची वेळ झाली आणि हा पठ्ठ्या अजून चड्डी आणि चपलांतच. शेवटी चौकशीच्या काउंटरवरून त्याला खालच्या डेकवरच्या एका खोलीत पाठवलं. सोबत म्हणून मीही गेलो. अडवलेल्या सुटकेसांची ओळच्या ओळ उभी होती. एका बाईंच्या बॅगेतून इस्त्री निघाली होती, कुणाचा एक्स्टेन्शन बोर्ड. आमच्या माणसाने आपल्या हाताने बॅग उघडली, टॉवेल सोडला, बाटली दिली आणि कागदावर सही केली. ती बाटली परत मिळत नाही, भरपाईही मिळत नाही. कुणी ओरडलं नाही, दंड झाला नाही. गेला तो एवढ्या लोकांत बसून खायचा पहिला डिनर, आणि पुढचा आठवडाभर चेष्टा.

माउथवॉशच्या बाटलीत खायचा रंग घालून व्होडका, सनस्क्रीनच्या नळीत रम, प्लास्टिकच्या चपट्या पिशव्या, या सगळ्या युक्त्या इंटरनेटवर विकायलाच आहेत, म्हणजे तपासणाऱ्यांनाही त्या पाठ आहेत. पाण्याच्या बाटल्यांतून तर इतकी दारू गेली की 2015 साली कार्निव्हलने बाटलीबंद पाणी आणि सोडा आणण्यावरच बंदी घातली. आता बिनदारूची पेयं फक्त कॅनमध्ये किंवा कार्टनमध्ये, माणशी 12 पर्यंत, तीही चढतानाच आणि हातातल्या सामानात. म्हणजे पिणाऱ्यांच्या हुशारीची किंमत पाणी पिणारे मोजतायत. एखाद्याची युक्ती जमूनही जाते, नाही असं नाही. पण नियम मोडणाऱ्याला जहाजावरून उतरवण्याचा अधिकार कंपनीला असतो, आणि व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील किंवा मेव्हणा सोबत असताना मला तरी चार पेगांसाठी ती धाकधूक नको होती.

चखण्याचंही ऐकून ठेवा, कारण यात आपले लोक हमखास अडकतात. घरी केलेला चिवडा, चकली, डब्यातली शेव चालत नाही. दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं. आमच्या वहिनींनी दिवाळीएवढा फराळ करून आणला होता, तो गाडीत ठेवावा लागला आणि आठवडाभराने परतीच्या वाटेवर बकीजच्या पार्किंगमध्ये संपला. चहासाठी विजेची किटलीही नेऊ नका, तीही काढून घेतात.

आता पैशांचं. जहाजावर वाइनचा ग्लास 12 डॉलरच्या आसपास, कॉकटेल 12 ते 15, वर बारची टिप बिलातच लावलेली. जहाज बंदरात आणि टेक्ससच्या हद्दीत असेपर्यंत राज्याचा सेल्स टॅक्सही भरावा लागतो, आणि टेक्ससची समुद्रातली हद्द किनाऱ्यापासून 9 सागरी मैलांपर्यंत जाते. किराणा दुकानातल्या 15 डॉलरच्या बाटलीतून पाच ग्लास निघतात, म्हणजे बारमधला साठ-सत्तर डॉलरचा माल. ती मुख्य डायनिंग रूममध्ये उघडायची असेल तर कॉर्केज, म्हणजे आपली बाटली उघडून देण्याचा आकार, द्यावं लागतं, आम्ही गेलो तेव्हा 15 डॉलर होतं. केबिनमध्ये प्यायलात तर काही नाही. आम्ही बहुतेक वेळा ग्लास केबिनमध्येच भरून हातात घेऊन जेवायला गेलो, कुणी हटकलं नाही.

ड्रिंक्स पॅकेज घ्यावं का, यावर आमच्याकडे दोन तट पडले. कार्निव्हलच्या ‘चीअर्स’मध्ये दिवसाला 15 मद्यपेयं मिळतात. माझ्या मते 15 हा आकडा वाचूनच लोक भुलतात. दिवस बंदरात घालवणाऱ्याला पाच-सहा पेयंही होत नाहीत, आणि त्याखाली पॅकेज परवडत नाही. शिवाय एका केबिनमधल्या एकाने घेतलं की 21 च्या वरच्या बाकीच्यांनाही घ्यावंच लागतं. बायको पीत नाही आणि सासूबाई त्याच केबिनमध्ये असतील तर पुढे मी काही बोलत नाही. दोन पिणारे मित्र एका केबिनमध्ये आणि त्यांच्या बायका दुसऱ्या केबिनमध्ये, अशी विभागणी आमच्यातल्या एका जोडगोळीने केली. हिशेबाने बरोबर होती, पण घरात काय झालं ते त्यांनाच विचारा. व्हिस्कीच हवी असेल तर सरळ मार्गही आहे. जहाजाकडूनच पूर्ण बाटली आगाऊ मागवता येते, केबिनमध्ये आणून देतात. दुकानापेक्षा बरीच महाग पडते, पण चौघांत वाटली तर बारपेक्षा स्वस्त.

बंदरांवर घेतलेली बाटली परत चढताना काढून घेतात. जप्त करत नाहीत, केबिन नंबरची चिठ्ठी लावून ठेवून घेतात आणि पावती देतात. सफर संपताना पावती दाखवून ती मिळते. पावतीचा फोटो काढून ठेवा, मेव्हण्याची पावती खिशातच धुतली गेली. चढण्याच्या दिवशीची एका वाइनची सवलत बंदरावर लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या. जहाजावरच्या ड्युटी-फ्री दुकानातली बाटलीसुद्धा शेवटपर्यंत हातात येत नाही.

काय घ्यावं? कोझुमेलला उतरल्याबरोबर समोर टकिलाच्या भिंतीच्या भिंती उभ्या असतात. नावाजलेल्या ब्रँडांचे भाव फोनवर टेक्ससच्या दुकानांशी ताडून पाहा. आम्हाला फरक किरकोळ वाटला. त्यापेक्षा ‘श्ताबेंतून’ घ्या, मेक्सिकोच्या युकातान भागातली मध आणि बडीशेपेसारख्या वासाची गोड लिकर, आपल्याकडे शोधूनही पटकन सापडत नाही. बर्फावर ओतून जेवणानंतर घेतली की घरातल्या न पिणाऱ्यांनाही आवडते, असा अनुभव आहे. रोआतानला तिथल्या गारीफुना समाजाची ‘गिफिती’ मिळते, रममध्ये मुळ्या आणि पाला मुरवलेली. एक घोट घेतला, थेट आजीचा काढा. तिथेच चाखून पाहावी, बाटली आणायच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण मुळ्या-पाल्याचं काहीही घेऊन कस्टम्ससमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती. आणि प्यायचंच असेल तर बंदराच्या फाटकाजवळच्या बारमध्ये बसू नका. कोझुमेलला टॅक्सीने सान मिगेल गावात गेलात की तीच बिअर स्वस्त मिळते आणि सोबत जेवणही धड होतं.

दुसऱ्या कंपनीने जाणार असाल तर यातलं काहीही जसंच्या तसं धरू नका. रॉयल कॅरिबियनचा नियम जवळपास हाच, चढताना माणशी एक वाइन. नॉर्वेजियन वाइनच्या संख्येला अडवत नाही, पण प्रत्येक बाटलीमागे कॉर्केज घेते. डिस्ने सगळ्यांत सैल, माणशी दोन वाइन किंवा सहा बिअर, तेही प्रत्येक बंदरावर. एमएससीत बाहेरचं काहीच चालत नाही. हे नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात कंपनीच्या साइटवर पुन्हा पाहा.

मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझने गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्यांसाठी एवढंच की बाहेरची दारू तिथे चढू देत नाहीत. लक्षद्वीपमध्ये बंगाराम सोडून दारूबंदी आहे. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून घेतलेल्या बाटल्या महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणणं हा उत्पादन शुल्क खात्याच्या लेखी गुन्हा आहे, मग तुम्ही रस्त्याने या नाहीतर समुद्राने.

आता ते काउंटर. गॅल्व्हस्टनला उतरल्यावर टेक्ससच्या अल्कोहोल खात्याचे, टीएबीसीचे लोक बसलेले असतात. अमेरिकन कस्टम्समध्ये 21 च्या वरच्या प्रत्येकाला एक लिटर शुल्कमुक्त आहे, ते वेगळं. टीएबीसीचा राज्यकर मात्र पहिल्या बाटलीपासून लागतो, जहाजावरच्या ड्युटी-फ्री बाटलीलाही. खंब्यामागे चार-एक डॉलर धरा. पैसे भरले की बाटलीवर स्टिकर लावून देतात. टेक्ससच्या रहिवाशाला 30 दिवसांत एक गॅलन हार्ड लिकर, तीन गॅलन वाइन आणि 24 बिअर, याच्या वर आणता येत नाही. कर भरायचा नसेल तर बाटली तिथेच सोडावी लागते. रांगेत बाटल्या हातातल्या बॅगेत वर ठेवा. आमच्यापैकी एकाने त्या मोठ्या सुटकेसच्या तळाशी घातल्या होत्या आणि सगळ्या टर्मिनलसमोर मळके कपडे बाहेर काढत बसला.

ह्यूस्टनहून विमान पकडणाऱ्यांनी टर्मिनल सोडायच्या आधीच बाटल्या चेक-इनच्या बॅगेत घालून घ्याव्यात. केबिन बॅगेतून त्या विमानात जाणार नाहीत. 24 ते 70 टक्के अल्कोहोलची दारू माणशी पाच लिटरपर्यंत चालते, सील न तोडलेली. एका पायमोज्यात बाटली सरकवा, वर जीन्सचा पाय गुंडाळा. आमची श्ताबेंतून तशीच डॅलसला पोचली, मेव्हण्याची पुढे नाशिकला.