थीसिसचं संमतीपत्र आणि ‘दाह’ शब्दापायी गेलेला महिना

एमएस सर्जरीच्या थीसिसला मी विषय घेतला होता डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटच्या रक्तातलं इंटरल्युकिन-६ (आयएल-६), म्हणजे मार लागल्यावर पेशी सोडतात त्यातलं एक निरोप्या प्रथिन. गाईड, सिनॉप्सिस पटापट झालं, अडकलं ते एथिक्स कमिटीत, म्हणजे पेशंटवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत.

आमची कमिटी महिन्यातून एकदाच बसायची आणि दर वेळी एकच क्वेरी काढायची. तिन्ही एकदम सांगितल्या असत्या तर काय बिघडलं असतं, हा राग अजून गेलेला नाही. पहिली, जीसीएस (शुद्ध किती आहे ते सांगणारा स्कोअर) ८ किंवा कमी म्हणजे पेशंट बेशुद्ध, मग संमतीपत्रावर सही कोणाची? नातेवाइकाची, आणि शुद्धीवर आला की परत त्याची स्वतःची, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाईडलाइन्समध्ये आहे हे, मीच लिहायचं राहिलं होतं. दुसरी, सूज आणणारी द्रव्यं आहेत तर स्टिरॉइड का देत नाही? डोक्याला मार लागलेल्यांना स्टिरॉइड देऊन पाहिलेल्या क्रॅश ट्रायलचे आकडे जोडले, १०,००८ पेशंट, दोन आठवड्यांत स्टिरॉइडवाले २१.१ टक्के गेले, प्लासिबोवाले (औषध नसलेला नुसता डोस मिळालेले) १७.९.

तिसरी ‘दाह’. पुस्तकी मराठीत दाह म्हणजे इन्फ्लमेशन, शरीराची सूज आणणारी प्रतिक्रिया. मी लिहिलं होतं "दाहकारक रेणूंची पातळी". कमिटीतल्या एक मॅडम, डॉक्टर नसलेल्या, म्हणाल्या, अगं हे वाचून आईला वाटेल पोराच्या डोक्यात आग पेटलीय. इतकी चिडले की होस्टेलवर येऊन रडले. मग वॉर्डातल्या मावशींना फॉर्म वाचून दाखवला तर त्यांनीही तेच विचारलं, "जळजळ होते का गं त्याच्या डोक्यात?"

शेवटी लिहिलं, मार लागला की मेंदूतल्या पेशी धोक्याचा निरोप देणारी द्रव्यं सोडतात, काही तासांत ती रक्तातही वाढतात, जास्त झाली तर मेंदूची सूज वाढू शकते, पण जखम भरून यायलाही ती लागतात. त्यातलं एक मोजायला ५ मिली रक्त घेणार, उपचार तेच राहतील. लगेच पास! पहिली सही रात्री दोनला कॅज्युअल्टीच्या बाकावर एका आईने केली, सगळं वाचून, तेव्हा त्या मॅडमवरचा राग गेला, कमिटीवरचा नाही.

तर मराठी फॉर्म कमिटीआधी मावशींना, वॉचमनकाकांना वाचून दाखवा. सॅम्पल लाल झाकणाच्या साध्या ट्यूबमध्ये, गोठलं की सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून, वर येणारं सिरम (रक्तातला पातळ भाग) छोट्या छोट्या व्हायल्समध्ये (बाटल्यांमध्ये) वाटून उणे ८० अंशांना, एकच मोठी व्हायल परत परत वितळवू नका. आणि हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, मांडीचं हाड वगैरे मोडलेले पेशंट प्रोटोकॉलमध्येच वगळा, नुसत्या फ्रॅक्चरनेही आयएल-६ चढतं, मग वाढलं ते डोक्यामुळे की पायामुळे काही कळत नाही.