नेमलेलं वेगळं, नशीब वेगळं

मंडळीत पूर्वनियोजनाचा वाद, म्हणजे कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय की माणसाच्या इच्छेवर आहे हा वाद, पेटतो तो बहुतेक वेळा बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या ९ व्या अध्यायावरून. कुणीतरी आठवडाभर मोबाईलवर प्रवचनं ऐकतो आणि रविवारी याकोब-एसावाचं वचन ('याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला') मध्ये टाकतो. उपासना सुटेपर्यंत मंदिराच्या ओट्यावर दोन गट उभे असतात. म्हणून अभ्यासवर्ग घ्यायचा असेल तर सुरुवात ९ व्या अध्यायापासून करू नका. ८ व्या अध्यायापासून करा, आणि त्याच्याही आधी शब्द नीट करून घ्या.

आपल्या खानदेशात ही पायरी टाळता येत नाही. 'देवाने आधीच ठरवलंय' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सटवी येते, बाळाच्या पाचवी-सहावीच्या रात्री कपाळावर लेख लिहिणारी. 'नशीबमां जे शे ते व्हईच' हे वाक्य ख्रिस्ती घरातही सहज निघतं. पण सटवीने लेख लिहिला की त्या लेखापुरतं तिचं काम संपलं. रोमकरांस ८:२९-३० मध्ये मात्र जो नेमतो तोच पुढे बोलावतो, नीतिमान ठरवतो, गौरव करतो. मराठी बायबलातला 'नेमणे' हा शब्द इथे कामाला येतो, कारण नेमणुकीला नेमणारा लागतो आणि नशिबाला कुणीच लागत नाही. एवढं फळ्यावर लिहून पंधरा मिनिटं त्यावरच बोला. निम्मा वाद इथेच विरघळतो, कारण इच्छास्वातंत्र्याची बाजू घेणारे बरेच जण खरं तर नशिबाशी भांडत असतात.

दुसरी गोष्ट, समोरच्याचं मत त्याला पटेल अशा शब्दांत मांडल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. हा नियम वर्गाच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका, कारण दोन्हीकडची खोटी चित्रं फार पक्की बसलेली असतात. 'आर्मिनियन (इच्छास्वातंत्र्याच्या बाजूचे) म्हणतात माणूस स्वतःच्या बळावर तरतो' हे चूक आहे. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो डच धर्मपंडित आर्मिनियस १६०९ मध्ये वारला आणि त्याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमं मांडली. त्यांतलं तिसरं कलम सांगतं की कृपेशिवाय माणसाला खरं चांगलं असं काहीच करता येत नाही. 'कॅल्व्हिनवाद्यांचा (देवाच्या निवडीच्या बाजूच्यांचा) माणूस म्हणजे कळसूत्री बाहुली' हेही चूक. नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथे १६१८-१९ मध्ये भरलेल्या कॅल्व्हिनवादी धर्मसभेने या पाच कलमांना उत्तर दिलं, आणि त्या उत्तरातच म्हटलंय की कृपा माणसाला दगड-ओंडक्यासारखी वागवत नाही, त्याची इच्छा मोडून टाकत नाही. (कॅल्व्हिनवादाच्या पाच मुद्द्यांचं इंटरनेटवर गाजणारं 'ट्यूलिप' हे इंग्रजी आद्याक्षरांचं जोडकाम बरंच नंतरचं आहे. डॉर्टचा क्रम निवडीपासून सुरू होतो.)

डॉर्टचं पुढचंही सांगा, नाहीतर इतिहास गोडगोड होतो. आर्मिनियन बाजूच्या सुमारे २०० पाळकांची पदं गेली, आणि वादात राजकारण मिसळल्यामुळे ओल्डनबार्नेफेल्ट या वयोवृद्ध डच मुत्सद्द्याचं मे १६१९ मध्ये डोकं उडवलं गेलं. रोमन कॅथलिकांकडे हाच वाद डोमिनिकन आणि जेझुइट या दोन संन्यासी संघांत सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून चालला होता. पोप पाचवा पॉल याने १६०७ मध्ये तो निकाल न देताच थांबवला. दोघांनीही आपापलं शिकवावं, पण एकमेकांना पाखंडी म्हणू नये, असं त्याने बजावलं. निकाल लावण्यापेक्षा हा नियम मला शहाणपणाचा वाटतो, आणि छोट्या मंडळीला तो आहे तसा उचलता येतो: दोन्ही मतं शिकवायला मोकळीक, 'तो खरा विश्वासी नाही' म्हणायला बंदी. भुसावळ-जळगावकडे काम केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे संस्थापक सिम्पसन मूळचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनवादी परंपरेतले होते, तरी त्या संस्थेने या मुद्द्यावर एकच बाजू सभासदांवर लादली नाही.

दुसऱ्या बैठकीला प्रेषितांची कृत्ये २७ घ्या, आणि अख्खा अध्याय मोठ्याने वाचून घ्या. वादळात पौल सांगतो की तारू जाईल, पण कुणाचा जीव जाणार नाही (वचन २२). देवाचं वचन मिळालेलं आहे, म्हणजे गोष्ट ठरलेली आहे. मग खलाशी नांगर टाकायच्या बहाण्याने होडी पाण्यात सोडतात, पळून जाण्यासाठी. आता पौल शताधिपतीला म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही (वचन ३१). शिपाई दोर कापतात आणि होडी वाहून जाते. इथे थांबा आणि विचारा, २२ व्या वचनात सगळे वाचणार हे ठरलेलं असताना ३१ व्या वचनात दोर कापायची गरज का पडली? घाईने उत्तर देऊ नका, लोकांना बोलू द्या. एक बाजू म्हणेल की दोर कापणंही ठरलेलंच होतं. दुसरी म्हणेल की शिपायांनी ऐकलं नसतं तर? दोघांनाही ही दोन्ही वचनं एकाच पानावर ठेवावी लागतात. तारवात २७६ माणसं होती, आणि सगळी किनाऱ्याला लागली.

बिघडतं कुठे तर एकवचनी भांडणात. एकाने इफिसकरांस १:५ (देवाने आपल्याला आधीच नेमलं) म्हणायचं, दुसऱ्याने १ तीमथ्य २:४ (सगळ्यांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा) फेकायचं. त्यावर उपाय साधा आहे: प्रत्येकाने आपल्या मताला जड जाणारं वचन वाचायचं आणि त्यावर बोलायचं. निवड मानणाऱ्याकडे तीमथ्य, स्वातंत्र्य मानणाऱ्याकडे योहान ६:४४ (पित्याने ओढल्याशिवाय कुणी येऊ शकत नाही).

आणि एक ठिकाण पूर्ण वर्ज्य, ते म्हणजे मयताचं घर. लहान लेकरू गेलेल्या घरी 'निवडलेलं होतं की नव्हतं' हा विषय कुणी चुकूनही काढू नये. डॉर्टच्या सभेनेसुद्धा पहिल्या भागाच्या १७ व्या कलमात लिहून ठेवलंय की बाळपणी गेलेल्या लेकरांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल देवभीरू आईबापांनी शंका धरू नये. आर्मिनियन पाळकही त्या ओट्यावर बसून हेच सांगेल.